इन्व्हर्टरचा हिरवा दिवा

१२ नोव्हेंबर

लिही हेमा, आणि मी सांगेन तेच लिही. जळगावच्या डॉक्टरने ही वही दिली ती म्हाताऱ्याचा दम लिहायला. बोटाला चिमटा लावून आकडा किती आला, मशीन किती वेळ चाललं, भाकरी खाल्ली की नाही. ते तू वर लिहितेस. खालचं अर्धं पान कोरं राहतं, ते माझं. मला अक्षर येत नाही म्हणून कोरा कागद फुकट जायचा का?

म्हातारा म्हणजे हिचा आबा, सुकलाल. हे नाव मी घेतलेलं नाही, हेमाने आपल्या मनाने घातलंय. तरणा होता तेव्हा गुजरातेत दगडाचं पीठ करायच्या कारखान्यात गेला. बाकीच्यांनी तिकडून भांडी आणली, साड्या आणल्या. याने छातीत पीठ भरून आणलं. डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाला, "आजी, छाती पांढरी झालीय." मी म्हटलं, "डोकं पांढरं झालं तेव्हा कुणी दवाखान्यात नाही नेलं." डॉक्टर हसला. म्हातारा हसला नाही. त्याला हसायला हवा पुरत नव्हती.

आता रात्रभर नळीने हवा द्यायची. त्याचं मशीन कुणीतरी वापरून दिलेलं मिळालंय, बारक्या कोठीएवढं. बाहेरची हवा घेतं, गाळून नाकात सोडतं. जुनं आहे. बंद पडलं तर त्याने ओरडायला पाहिजे, ते ओरडत नाही. पण चालतं. फक्त त्याला वीज लागते.

आणि आमच्या पाड्यावर विजेचे खांब आहेत. तार यायची आहे. तोवर खांबांवर कावळे बसतात.

१७ नोव्हेंबर

चैत्राम आला. चैत्राम माझा मुलगा, हेमाचा बाप, फैजपूरकडे केळी कापायच्या कामावर असतो. छपरावर उन्हाची दोन पाटं बसवली, खाली बॅटऱ्या ठेवल्या आणि मला समजावून सांगितलं. पाट ऊन खातं, त्याची वीज बॅटरीत साठते. पण बॅटरीतली वीज मशीनला चालत नाही. मध्ये इन्व्हर्टर लागतो, तो तिला मशीनसारखी करून देतो.

मी म्हटलं, "म्हणजे सासूचं बोलणं सुनेला गोड करून सांगणारा."

"हां माय, तसंच धर."

पण याने आणलेला मध्यस्थ खोटा निघाला. मशीन लावलं तर ते पिसाळलेल्या रेड्यासारखं घुरघुरायला लागलं. वरून तापलं, जळका वास सुटला. म्हाताऱ्याने नाकातली नळी काढली आणि मला म्हणाला, "जमना, हे माझ्याआधी जाईल."

चैत्रामने बंद केलं. तोंड एवढंसं झालं त्याचं. पोरगा बापासाठीच घेऊन आला होता.

म्हातारा आजही बसूनच झोपला. दसऱ्यापासून आडवा झालेला नाही.

२१ नोव्हेंबर

फैजपूरला गेलो. चैत्राम, हेमा, मी आणि मशीन. म्हाताऱ्याजवळ शेजारच्या दिपमालाला बसवलं आणि हवेची छोटी टाकी लावून दिली. ती टाकी अडीअडचणीची. संपली की फैजपूरलाच भरून आणावी लागते.

रविंद्रभाऊचं दुकान बसस्टँडच्या मागे आहे. त्याने पहिलं विचारलं, "घरात काय काय चालवायचं?"

चैत्राम मोजायला लागला. मशीन, बल्ब, पंखा, जमलं तर टीव्ही.

रविंद्रभाऊ म्हणाला, "माणूस चालवायचाय की टीव्ही? आधी ते ठरवा."

मला माणूस आवडला. मग त्याने सांगितलं की साध्या इन्व्हर्टरची वीज पायऱ्यापायऱ्यांनी धक्के देत येते. बल्बाला ती चालते, अशा नाजूक मशीनला नाही. याला प्युअर साइन वेव्ह लागतो. त्यात वीज लाटेसारखी वर जाते, खाली येते.

"म्हणजे चैत्रामने आणली ती बैलगाडी, आणि तू देतोस ती होडी," मी म्हटलं.

"आजी, तुम्ही माझ्या दुकानात बसा. गिऱ्हाईक लवकर समजेल."

"बसते. पण म्हाताऱ्याला भाकरी कोण देईल?"

त्याने आमचं मशीन तिथेच लावून पाहिलं. म्हणाला, सुरू होताना हे तिपटीने ओढतं, म्हणून इन्व्हर्टर थोडा मोठा घ्या. मी मशीनला कान लावला. घुरघुर नाही. पोट भरलेल्या मांजरासारखा आवाज. मी म्हटलं, हाच दे.

मग त्याने मला दिवे दाखवले, कारण आकडे मला कळत नाहीत. हिरवा म्हणजे बॅटरी भरलेली. पिवळा म्हणजे अर्ध्याच्या खाली. लाल म्हणजे संपत आली, तेव्हा तो शिट्टी देतो आणि थोड्या वेळाने आपला आपण बंद होतो.

"आजी, एक ऐका. याच्यावर मशीन आणि एक बल्ब. तिसरं काही नाही. ऊन पडलं तर रात्र निघते. आभाळ आलं तर जपून."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

२३ नोव्हेंबर

काल रात्री म्हातारा आडवा झोपला. हेमा, हे मोठ्या अक्षरात लिही.

मी मात्र जागीच. इतके दिवस त्याच्या दम्याच्या आवाजावर झोपायची सवय. आता मशीनचा आवाज येतो, म्हाताऱ्याचा येत नाही. दोनदा उठून नाकाखाली बोट धरलं. दुसऱ्यांदा तो डोळे मिटूनच म्हणाला, "आहे अजून. झोप."

२९ नोव्हेंबर

दिपमाला आली. पदराच्या टोकाला फोन बांधलेला. नवरा सुरतेकडे कामाला गेलाय, आठवड्यातून एकदा फोन करतो.

"आजी, मना फोन मरी गया. आज तेना फोन येणार शे."

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि इन्व्हर्टरच्या भोकात लावला. हेमा रागावली. "आजी, रविंद्रभाऊ काय म्हणाले होते?"

रविंद्रभाऊ फैजपूरचा. त्याला काय माहीत? हे मी तुला लहानपणी सांगितलंय, आता लिहून ठेव. आमच्या पाड्यावर विस्तव मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहाटे ज्याची चूल आधी पेटेल त्याच्याकडे बायका खापरात विस्तव न्यायला यायच्या. माझी सासू मला एक शब्द गोड बोलली नाही, पण विस्तव कुणाला नाही म्हणाली नाही. शेजारणीशी भांडण असलं तरी तोंड फिरवून द्यायची, पण द्यायची. चुलीतला एक निखारा दिला म्हणून चूल विझते का?

हेमा म्हणाली, "आजी, बॅटरी म्हणजे चूल नाही."

"मग काय आहे?"

ती म्हणाली, "माठ आहे."

शिकलेल्या पोरी. माठातलं पाणी तरी आपण कुणाला नाही म्हणतो का?

१४ डिसेंबर

संध्याकाळी आता आमचा ओटा भरतो. चैत्रामने सहा भोकांची पट्टी आणली होती मशीनसाठी, तिची बाकीची भोकं रिकामी कशाला ठेवायची? फोन चार्ज होईपर्यंत माणसं बसतात. निंबा पलीकडच्या गल्लीतून येतो, बैलांच्या बाजाराच्या गोष्टी सांगतो. दिपमाला माझ्या भाकऱ्या थापते. म्हातारा खाटेवर नळी लावून बसतो, बोलत नाही, पण ऐकतो. आजारी पडल्यापासून याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. छातीचा आजार, लागेल म्हणून भ्यायचे. आता फोनासाठी येतात आणि त्याच्याशी बोलून जातात.

आज निंबाने काहीतरी सांगितलं आणि म्हातारा हसला. पूर्ण हसला, शेवटपर्यंत. हवा पुरली.

बॅटरीला पाणी पाजायचं काम माझं. विहिरीचं नाही, दुकानातलं बाटलीचं. शेळ्या ओढ्याचं पितात आणि ही बाईसाहेब बाटलीचं पिते.

५ जानेवारी

चैत्राम आला आणि ओट्यावरची गर्दी पाहून भडकला. सगळे गेल्यावर म्हणाला, "माय, मी बापासाठी आणलंय हे. पाड्यासाठी नाही."

"पाडा कुणाचा आहे?"

"रात्री बंद पडलं तर पाडा येईल का श्वास घ्यायला?"

मी म्हटलं, "तुझा जन्म झाला तेव्हा पाऊस होता, चूल विझली होती. निंबाच्या आईने पदराखाली निखारा झाकून आणला. त्याच्यावर तुझं पाणी तापलं."

त्याने बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने हाताने खूण केली, राहू दे.

मग हेमाने तोड काढली. ऊन असेल तेव्हाच लावायचं, दिवस बुडाला की सगळ्यांचं काढायचं, आणि हिरवा असेल तरच. मी कबूल झाले. निवाडा करायला तुला तालुक्यालाच पाठवायला पाहिजे.

१८ जानेवारी

तीन दिवस ऊन नाही. या दिवसांत असं आभाळ मी पाहिलं नव्हतं. तुरीच्या शेंगांवर पाणी बसलंय, थंडीने हात वळत नाहीत. म्हाताऱ्याचा आकडा खाली आला म्हणून काल छोटी टाकी लावली, ती संपली. चैत्राम टाकी घेऊन फैजपूरला गेलाय, उद्या सकाळी भरून आणेल.

आणि आजच निंबाच्या पोरीची हळद. दुपारी निंबा आला. बाहेरच उभा राहिला. म्हणाला, "अक्का, जनरेटरवाला नही उना. दोन बल्ब आणि बाजा. बठ्ठा पाहुणा बसेल शेत. अंधारामा हळद कशी लावू?"

सगळे पाहुणे येऊन बसलेले. मी म्हटलं, वायर ओढ.

हेमा लिहिता लिहिता थांबलीय. म्हणते, "आजी, दिवा पिवळा आहे." मी म्हटलं, हळदीच्या दिवशी पिवळाच पाहिजे. म्हणते, दिवस बुडाला की काढायचं ठरलंय. काढेन ग. हळद लागली की काढेन. लग्नघर विस्तव मागायला आलं आणि परत गेलं असं या घरात कधी झालं नाही. निंबाच्या आईला मी वर गेल्यावर काय तोंड दाखवू?

तू वही मिट आणि जा. नवी साडी नेस. तुझ्या बरोबरीची पोरगी आहे ती, एवढं तोंड करून घरात बसू नकोस. नाच दोन घटका. म्हाताऱ्याजवळ मी आहे ना.

म्हाताराही म्हणतोय जा.

३१ जानेवारी

लिही. वर काही लिहू नकोस, खालीच लिही.

त्या रात्री मी त्याच्याजवळच होते. हे सगळ्यांना सांगितलं, वहीलाही सांगते. खाटेला टेकून बसले होते, गोधडी पायावर. बाजा वाजत होता. म्हातारा बोटाने खाटेच्या कडेवर ताल धरत होता. मी म्हटलं, नाचायचं का? तो म्हणाला, पुढच्या वर्षी.

मग माझा डोळा लागला. मध्येच एकदम बाजा थांबला. सगळं शांत झालं. इतकं शांत की बाहेरचं दव पडलेलं ऐकू यावं. मी म्हटलं, बरं झालं, आटोपलं यांचं, आता म्हाताऱ्याला झोप लागेल. मी गोधडी वर ओढली. मलाही झोप लागली. फार दिवसांनी तशी गाढ लागली.

पहाटे कोंबड्याने उठवलं. नळी नाकातच होती. बसलेला होता. आडवा झालेला नव्हता.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते, आभाळाने नेला. तीन दिवस सूर्य आला नाही. माणसाचं काय चालतं त्याच्यापुढे? चैत्राम टाकी खांद्यावर घेऊन आला तेव्हा अंगणात माणसं होती. टाकी भरलेली होती. त्याने ती खाली ठेवली नाही. कुणीतरी हातातून काढून घ्यावी लागली.

निंबाच्या पोरीचं लग्न मी थांबू दिलं नाही. हळद लागलेली पोर. म्हातारा असता तर हेच म्हणाला असता.

१४ फेब्रुवारी

दिवस झाले, पाहुणे गेले. ऊन आता कडक पडतंय. म्हाताऱ्याला पाहिजे होतं तसं.

एक कळत नाही. फोन लावायला कुणी येत नाही. आधी वाटलं सुतकामुळे. सुतक संपून कितीक दिवस झाले. ओटा रिकामा. पट्टीची भोकं रिकामी. दिपमाला परवा कालव्याच्या वाटेने गेली, माझ्या दारावरून जाण्यापेक्षा लांबचा वळसा घालून. निंबा समोर दिसला तर मान खाली घालून बैल हाकायला लागला, आणि बैल तर उभेच होते. मी हाक मारली, "काय रे निंबा, जावई चांगला निघाला का?" म्हणाला, "हा अक्का," आणि गेला.

माझ्या म्हाताऱ्याचा आजार लागतो असं वाटतं का यांना? तो मेल्यावर?

चैत्राम कामावर गेला नाही. इन्व्हर्टरकडे पाठ करून बसतो. माझ्याशी बोलतो, पाणी दे, भाकर दे, एवढं बोलतो. हेमाला म्हटलं, बापाला काय झालंय? ती म्हणाली, आबा गेले ना आजी. ते मलाही माहीत आहे.

२६ फेब्रुवारी

आज मी हेमाला म्हटलं, पहिल्यापासून वाचून दाखव. म्हातारा त्याच्यात आहे, ऐकते.

तिने वाचलं. कावळे वाचले, होडी वाचली, "आहे अजून, झोप" वाचलं. तिथे आम्ही दोघी हसलो. मग विस्तवाचं पान आलं. ते तिने भराभर वाचलं. मग अठरा जानेवारी आलं.

तिने वाचलं: तीन दिवस ऊन नाही, तुरीवर पाणी, छोटी टाकी संपली, चैत्राम फैजपूरला गेला. आणि पान उलटलं.

मी म्हटलं, "थांब."

"काय झालं आजी?"

"पान पाहू."

मला अक्षर कळत नाही. पण पान किती भरलंय ते दिसतं. माझं अर्धं पान तळापर्यंत गच्च होतं, मुंग्यांची रांग लागल्यासारखं. आणि हिचा आवाज चार ओळींत संपला होता. शिवाय मी सांगितलेलं मला पाठ असतं, हेमा. लिहिता येत नाही त्याला लक्षात ठेवावं लागतं. तू काय गाळलंस ते तू न वाचताच मला ऐकू आलं. निंबा आला होता ते. वायर. पिवळा दिवा. हळद.

"तेवढंच का गाळलंस?"

वहीवर डोकं ठेवलं तिने. मग म्हणाली, "मी नाचायला गेले होते आजी."

मी तिला धरलं. धरून बसले आणि मला ते पुन्हा ऐकू आलं. बाजा एकदम थांबला ते. गाणं अर्ध्यात होतं. कुणी हळदीत गाणं अर्ध्यात थांबवतं का? आणि बाजा थांबला तेव्हा दुसराही एक आवाज थांबला होता. मशीनचा, त्या पोट भरलेल्या मांजराचा. म्हणून तर इतकं शांत झालं होतं.

मी त्या शांततेत गोधडी वर ओढली.

सगळ्या पाड्याला माहीत होतं. चैत्रामला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी आभाळ उभं केलं आणि मी त्याच्याखाली बसले.

२७ फेब्रुवारी

काल एक सांगायचं राहिलं. म्हाताऱ्याला आकडे कळत होते, दिवे कळत होते. इन्व्हर्टर त्याच्या खाटेसमोरच आहे. त्याने लाल पाहिला असेल का? पाहूनही मला उठवलं नाही असं असेल का?

नको. हे लिहू नकोस. लिहिलंस तर खोड. हे माझ्या सोयीचं आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी

बाहेरगावी गेलेले सगळे होळीला आले. ढोल वाजले. मी गेले नाही. चैत्रामला मात्र पाठवलं. जाताना त्याला म्हटलं, "निंबाशी बोल. त्याने मागितलं, दिलं मी." तो दारात उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं. कळलं त्याला, मला कळलंय ते. म्हणाला, "माय." मग वाकून माझ्या भेगाळल्या टाचेवरची सुटलेली चिंधी नीट बांधून दिली आणि गेला.

आमच्याकडे होळीचा विस्तव घरोघर नेतात, त्याच्यावर सकाळची चूल पेटवतात. आमच्या घरचा दरवर्षी म्हातारा आणायचा. यंदा मी म्हटलं, काडेपेटी आहे.

सकाळी दार उघडलं तर दिपमाला उभी. उंबऱ्याच्या बाहेर. हातात खापर, खापरात होळीचा विस्तव, वरून राख घालून जपलेला. किती वेळ उभी होती कोण जाणे. हाताला चटका बसत होता, पण ती हाक मारत नव्हती.

"आजी, विस्तव आणेल शे."

मी खरं सांगते, लिही. मला तिचा राग आला. तिचाच पहिला फोन होता. वाटलं दार लावून घ्यावं. या घरातून विस्तव गेला नाही असं कधी झालं नाही, पण आलेला परत पाठवायचं काय, ते माझ्या सासूने शिकवलं नव्हतं. मी उभी, ती उभी. विस्तव राखेखाली बारीक होत चाललेला.

मग मी खापर घेतलं. चुलीत टाकलं, फुंकर मारली. पेटलं.

मागे वळले तर ती अजून बाहेरच. पदराच्या टोकाला गाठ. मला ती गाठ ओळखता येते.

"नवरा आला ना होळीला? मग आता कुणाचा फोन यायचाय?"

"परत गया आजी. पहाटना गाडीवर."

"आण इकडे."

ती नाही म्हणाली. मान हलवत राहिली, डोळ्यांतून पाणी. मीच गाठ सोडली. फोन पट्टीत लावला. दोनदा भोक चुकलं. मग तिला आत बसवलं. खाटेवर नाही, खाली, माझ्याजवळ. भाकऱ्या तिने थापल्या.

हेमा, आता वरच्या बाजूला लिही. डॉक्टरच्या जागी. दिवा हिरवा. काल रात्री मी तीनदा उठून पाहिला, तेव्हाही हिरवा. परवाही. मशीन बंद आहे, त्याला कुणी ओढत नाही. आता तो रात्रभर हिरवाच असतो.